पाळणाघराच्या दारातली तीन मिनिटं : रडणाऱ्या लेकराला सोडून निघताना

“त्याला जरा गच्चीवर काऊ दाखवायला न्या, तेवढ्यात मी सटकते.” सोलापुरातल्या किती घरांत रोज सकाळी हे वाक्य ऐकू येतं! पाळणाघरातही हीच युक्ती वापरली जाते. मावशी खुळखुळा दाखवतात, लेकराचं लक्ष तिकडं गेलं की मम्मी मागच्या मागे निघून जाते. पहिल्या दिवशी युक्ती चालते. दुसऱ्या दिवशी लेकरू खुळखुळ्याकडं बघतच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घरीसुद्धा मम्मी बाथरूममध्ये गेली तरी ते दार बडवायला लागतं.

यात हट्टाचा भाग नाही, त्याचा हिशेब सरळ आहे. मान वळवली की आई नाहीशी होते, असं त्याला कळलंय. मग मान वळवायचीच कशाला? खेळात रमणंच त्याला धोक्याचं वाटू लागतं, आणि पाळणाघरात रुळायचं तर रमणंच हवं असतं. म्हणून पुढच्या सगळ्या सूचना एकाच गोष्टीवर उभ्या आहेत : तुम्ही जाताना लेकराला दिसलं पाहिजे, आणि सांगितल्या वेळी परत आलेलंही दिसलं पाहिजे. दारात थोडं जास्त रडलं तरी चालेल.

हे रडणं कधी येतं, कधी ओसरतं

साधारण ६ ते ८ महिन्यांच्या आसपास बाळाला उमगतं की दिसेनाशी झालेली वस्तू कुठंतरी असतेच. वाटीखाली चमचा झाकला तर ते वाटी उचलून बघतं. आईच्या बाबतीत याचाच अर्थ असा होतो : ती आहे, पण माझ्याजवळ नाही. बहुतेक लेकरांत १० ते १८ महिन्यांच्या दरम्यान हे सगळ्यात तीव्र असतं. दोन वर्षांच्या आगेमागे पुन्हा एकदा उसळतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बरंच विरळ होतं. बाराव्या महिन्यात पाळणाघर सुरू केलं तर अगदी चढावरच सुरुवात केली असं समजा. नोकरीमुळं दुसरा इलाज नसेल तर तेव्हाही जमतं, फक्त खालच्या वेळापत्रकाला दिवस जास्त द्यावे लागतात.

अजिबात न रडणारं लेकरू शहाणं आणि रडणारं लाडावलेलं, हे गणित चुकीचं आहे. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या सुमारास साधारण वर्षभराच्या बाळांचा अभ्यास केला. आई खोलीतून थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते, तेव्हा बाळ काय करतं ते त्यांनी बारकाईनं पाहिलं. आई जाताना बाळ किती रडतं यापेक्षा ती आल्यावर तिच्याजवळ जाऊन सावरतं का, हे त्यांना जास्त महत्त्वाचं दिसलं. तुम्हीही मोजायचं असेल तर तेच मोजा.

आणखी एक. या वयात घड्याळ कळत नाही. “चार वाजता येते” हे दीड वर्षाच्या कानाला “कधीतरी येते” असंच ऐकू येतं. क्रम मात्र पक्का कळतो : खिचडी, मग जोजो, मग उठलं की मम्मी.

पाळणाघर बघायला जाताना

दुपारी तीनला जाऊ नका, तेव्हा सगळी झोपलेली असतात आणि कुठलंही पाळणाघर गुणी दिसतं. सकाळी साडेनऊ-दहाला जा. ती खरी सोडायची वेळ. रडणारं लेकरू कोण घेतं, कसं घेतं, घेतल्यावर खाली कधी ठेवतं, ते अर्धा तास बसून बघा.

विचारायचं ते नेमकं विचारा. सकाळी माझ्या लेकराला रोज एकच मावशी घेईल का? पहिले तीन-चार दिवस मला आत बसता येईल का? रडलं तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला “मोबाईल लावून देतो” असं उत्तर आलं तर तिथं रडणं थांबतं, पण मावशीशी नातं जुळत नाही. “पालकांनी फाटकाच्या आत यायचं नाही, त्यानं सवय बिघडते” हे उत्तर त्याहून वाईट. तीन वर्षांखालच्या पाच-सहा लेकरांमागे एक मावशी असेल तर बरं. एकाच बाईकडे पंधरा असतील तर ती कितीही मायाळू असली तरी तुमच्या लेकराला दहा मिनिटं मांडीवर घेऊ शकणार नाही.

नोकरदार आयांनी एक लक्षात ठेवावं. ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथं जाऊ द्यावं, अशी तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनं आली. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मोठ्या युनिटमध्ये काम असेल तर विचारायला संकोच नको.

सोलापूरचं आणखी एक खास : भाषा. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पाळणाघरात मराठी, रस्त्यावर दखनी. मोठ्यांना याचं काही वाटत नाही, पण ज्याला एकूण वीसच शब्द येतात त्याचे ते वीस शब्द मावशीला कळले नाहीत तर ते मुकंच होतं. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली (तेलुगू बोलणाऱ्या विणकर) घरातलं लेकरू जेवताना “चालु” म्हणतं. तेलुगूत त्याचा अर्थ “पुरे”. मराठी मावशीला ऐकू येतं “चालू”, आणि ती आणखी एक घास भरवते. लेकरू तोंड फिरवतं, रडतं, आणि वहीत नोंद होते : जेवताना त्रास देतो. तेव्हा एका कागदावर घरातले १५-२० शब्द मराठी लिपीत लिहून द्या. पाणी म्हणजे तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु. दूध म्हणजे पालु, नाहीतर हालु. पुरे म्हणजे चालु, नाहीतर साकु. शू, शी, झोप, दुखतंय आणि आजीला मारायची हाक, एवढं त्यात हवंच. कागद मावशीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला सांगा.

दोन आठवडे आधी

घरी कुऽऽक करून खेळा. चादरीआड लपा, हाक द्या, बाहेर या. मग दाराआड. मग दुसऱ्या खोलीत आणि हाक थोडी उशिरा. हा खेळ म्हणजे जाण्या-येण्याची रंगीत तालीम आहे.

त्यानंतर खरं जाणं. आजीकडे किंवा शेजारच्या काकूंकडे ठेवून ५ मिनिटं, दोन दिवसांनी १५ मिनिटं, मग पाऊण तास. दर वेळी सांगून जायचं आणि दर वेळी एकच वाक्य. विड्या वळणाऱ्या घरांत माल घेऊन कारखान्यात जायची फेरी असतेच. तीच सरावाला घ्या, वेगळा वेळ काढायला नको. फक्त चोरून निघायची सवय मोडा, आणि आजीलाही ते पटवून द्या. आजीला पटलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

झोपेची वेळ एकदम ओढू नका. नऊला उठणाऱ्याला साडेसातला उठवायचं असेल तर दर दोन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडं या, म्हणजे बारा दिवसांत जमतं. अर्धवट झोपेतून उचलून आणलेलं लेकरू दारात रडणारच, त्याचं खापर पाळणाघरावर नको.

पाळणाघराचा रस्ता दोन-तीनदा संध्याकाळी नुसता दाखवून आणा. मावशीला एकदा घरी चहाला बोलावता आलं तर सोन्याहून पिवळं. मम्मी जिच्याशी हसून बोलते ती बाई परकी नाही, हे लेकरू स्वतः बघतं.

सुरुवातीचा दिवसही निवडायचा असतो. दात येतायत, नुकतीच लस झालीये, घर बदललंय, धाकटं जन्मून महिनाही झाला नाही, अशा वेळी नको. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर सुरू केलं तर आठवडाभरात गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी येते आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि नळाला पाणी यायचा दिवस टाळा. मोटार, टाकी, पिंपं, बादल्या यात सकाळ कशी जाते ते सांगायला नको. त्या धांदलीत तुमचाच जीव थाऱ्यावर नसतो आणि लेकरू आधी तोच ओळखतं.

पहिले दहा दिवस

जर्मनीतल्या पाळणाघरांत लेकरं रुळवण्याची एक पद्धत सर्रास वापरतात, ती बर्लिनच्या नावानं ओळखली जाते. तिचा सांगाडा इथंही उत्तम बसतो.

पहिले तीन दिवस सोडायचंच नाही. आई, बाबा किंवा आजी यांपैकी एकच माणूस, तीनही दिवस तेच, लेकराबरोबर तासभर आत बसतं. बसायचं एका कोपऱ्यात, जमिनीवर, हातात मोबाईल नाही. खेळवायचं नाही, ढकलायचंही नाही (“जा की, बघ किती छान गाडी आहे”). लेकरू लांब गेलं तर जाऊ द्या, पळत परत आलं तर मांडी मोकळी ठेवा. तुम्ही भिंतीसारखे एका जागी असलात तर त्याला दर वेळी थोडं जास्त लांब जावंसं वाटतं. या तीन दिवसांत मावशीनं हळूहळू जवळ यायचं. आधी शेजारी बसणं, मग चेंडू ढकलणं, तिसऱ्या दिवशी पाणी पाजणं. लंगोट बदलायचा झाला तर तुम्ही बदला, मावशी शेजारी उभी राहील.

चौथ्या दिवशी पहिलं सोडणं. तो सोमवार असेल तर मंगळवारवर ढकला, कारण रविवारच्या सुट्टीनंतर लेकरू घराला घट्ट झालेलं असतं. आत गेल्यावर थोड्या वेळानं निरोप घ्या आणि खोलीबाहेर पडा, पण आवारातच थांबा. अर्ध्या तासाच्या वर नाही. लेकरू रडेल. बघायचं एवढंच की मावशीच्या कडेवर काही मिनिटांत त्याचे हुंदके कमी होतात का, मान तिच्या खांद्यावर टेकते का, एखाद्या वस्तूकडं बोट जातं का. सावरलं तर अर्ध्या तासानं आत या, जवळ घ्या आणि त्या दिवशी सरळ घरी. सावरतच नसेल, आवाज चढतच असेल, तर दोन-तीन मिनिटांत आत या. मग पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा नुसतं बरोबर बसणं, आणि सातव्या दिवसाच्या आसपास पुन्हा प्रयत्न. अशा लेकरांना एकूण दोन-तीन आठवडे लागतात, त्यात वावगं काही नाही.

सावरणाऱ्याचं पुढं असं : पाचव्या दिवशी तासभर, सहाव्या-सातव्या दिवशी जेवणापर्यंत, आठव्याला जेवण करून लगेच घरी. झोप सगळ्यात शेवटी, नवव्या-दहाव्या दिवशी. घाई नेमकी इथंच होते. परक्या जागी डोळे मिटणं ही लेकराच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी जोखीम, आणि उठल्यावर पहिला चेहरा मावशीचा दिसला तर दारातल्यापेक्षा मोठं रडणं येतं. म्हणून पहिल्या दोन झोपांच्या दिवशी उठायच्या वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी तुम्ही तिथं हजर असा.

दहा दिवस रजा मिळत नाही, ही बहुतेकांची अडचण. मग पहिले तीन दिवस आजोबा बसले तरी चालतं, फक्त माणसं बदलू नका. तेही नसेल तर शनिवार धरून दोन दिवस बसा आणि पहिला आठवडा अर्ध्या दिवसाचा ठेवा. यापेक्षा काटछाट केली तर वसुली पुढं महिनाभर दारात होते.

आठवड्यातून दोनच दिवस पाळणाघर आणि बाकी आजीकडे, हा मधला मार्ग वाटतो तितका सोपा नसतो. सोमवार आणि गुरुवार असं तोडलं तर लेकराला लयच सापडत नाही, प्रत्येक वेळी पहिला दिवस. कमी दिवसच हवे असतील तर सलग तीन घ्या.

ती तीन मिनिटं

आदल्या रात्री बॅग भरून दाराशी. सकाळचा नाश्ता निघायच्या पाऊण तास आधी संपवा. दुधाची बाटली स्कूटीवर बसेपर्यंत तोंडात असेल, तर भरल्या पोटी जोरात रडलं की उलटी होते. मग सगळे घाबरतात आणि लेकराला परत घरी नेतात. दोन-तीनदा असं झालं की रडणं-उलटी-घर ही साखळी त्याच्या डोक्यात बसते. तेव्हा सकाळी हलकं द्या : थोडा उपमा, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी अर्धी वाटी. अंगावर पाजत असाल तर घरी पाजून निघा, दारात नको. दारात पाजलं की सोडवणं म्हणजे तोंडचा घास काढणं होतं.

गर्दीच्या दहा मिनिटं आधी पोचा. चार लेकरं एका सुरात रडत असताना पाचवं गप्प राहणं अशक्य. एप्रिल-मेमध्ये तर हे जास्तच पाळा. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो, दहा वाजताच सीट तापते, आणि तहानलेलं लेकरू दुप्पट चिकटतं. गाडीवरून उतरलं की आधी दोन घोट पाणी.

मग ठरलेला क्रम. चपला काढून त्याच्याच हातानं कप्प्यात. बॅग त्याच्याच खुंटीवर. मावशीचं नाव घेऊन हाक. खाली वाकून, डोळ्यांत बघून, रोजचं तेच वाक्य : “खिचडी खायची, जोजो करायचं, उठलं की मम्मी येते.” एक पापा, एक मिठी, टाटा. आणि जा. सगळं मिळून तीन मिनिटं, फार तर पाच.

लेकरू सोपवण्यात एक बारकावा आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी चुकतो. मावशी पुढं येऊन लेकराला तुमच्या कडेवरून खेचून घेते. त्याची मूठ तुमच्या पदरात, मावशी एकेक बोट सोडवते. लेकराच्या बाजूनं बघा : या बाईनं मला आईपासून तोडलं. आता याच बाईच्या खांद्यावर त्यानं सावरायचं! त्याऐवजी तुम्ही स्वतः दोन पावलं पुढं होऊन लेकराला मावशीच्या कडेवर द्या, हात त्याच्या पाठीवर क्षणभर ठेवा आणि मावशीकडं बघून म्हणा, “मावशी, याला सांभाळा हं, मी येतेच जेवण-झोप झाली की.” रडेल तरीही. पण दिलेलं आणि हिसकावलेलं यात फरक आहे, आणि तो त्याला कळतो.

निघाल्यावर मागं वळायचं नाही. खिडकी असेल तर मावशीनं तिथं उभं करावं, तुम्ही एकदा हात हलवा, स्कूटी सुरू करा, एकदाच हॉर्न वाजवा. महिनाभरानं तो हॉर्न म्हणजे “झालं, आता खेळायला” अशी खूण होऊन बसतो. काही विसरलं, पाण्याची बाटली गाडीतच राहिली, तर लेकरासमोर पुन्हा जाऊ नका. मागच्या दारानं दुसऱ्या ताईंकडे द्या. परत आलेली आई म्हणजे रडण्याला आलेलं फळ. फाटकाच्या फटीतून चोरून बघणंही तेच. एकदा नजरानजर झाली की मावशीची पंधरा मिनिटांची मेहनत वाया.

तुमचे डोळे भरून आले तर भरू द्या, पण कोपऱ्यावर वळल्यावर. चेहरा रडवेला आणि तोंडानं “किती मज्जा आहे इथं”, यातलं लेकरू चेहऱ्यावर विश्वास ठेवतं.

बाबांनी सोडलं तर अनेकदा कमी रडतात. बाबांवर प्रेम कमी म्हणून नव्हे, जिच्याजवळ दिवसभर असतं तिच्यापासून तुटण्याचा निषेध मोठा, एवढंच. आठवड्यातले सगळे दिवस बाबांना जमत असेल तर खुशाल त्यांना द्या. एक दिवस बाबा, एक दिवस मम्मी, एक दिवस मामा, असं मात्र सुरुवातीचा महिना नको.

जी वाक्यं तोंडावर येतात आणि येऊ नयेत : “दोन मिनिटांत आले” (नाही येत), “चॉकलेट आणायला जाते” (मग संध्याकाळी आधी चॉकलेटचा हिशेब), “रडलास तर इथंच ठेवीन”, “बघ तो दादा रडत नाही”, आणि सगळ्यात वाईट, “गप नाहीतर पोलीस येतील.” त्याऐवजी जे आहे ते म्हणा : “मम्मी जाते म्हणून रडू येतंय ना? येऊ दे. मावशी जवळ घेतील.”

बरोबर द्यायचा वास

महागडं टेडी विकत आणायची गरज नाही. आईच्या जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा, कडा शिवून घेतलेला, हा त्यापेक्षा कितीतरी कामाचा. किंवा लहान टर्किश नॅपकिन. सोलापुरात तो काही दुर्मीळ नाही. दोन-तीन रात्री स्वतःच्या उशाशी ठेवा, म्हणजे तुमचा वास धरतो. असे दोन तुकडे ठेवा, एक हरवला किंवा धुवायला गेला की दुसरा. रोज साबणात बुडवलात तर वास जातो आणि तो नुसता फडका उरतो. नाडी, बटण, मणी, जरीचा काठ असलं काही नको. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात झोपेत हे ठेवायचं नाही, नाकातोंडावर येण्याचा धोका असतो. जाड सोलापुरी चादरही तशीच, ती मोठ्यांना.

घरच्या माणसांचा एक फोटो लॅमिनेट करून बॅगेत. दोन जोड कपडे. डब्यात पहिले पंधरा दिवस त्याच्या ओळखीचं, मऊ आणि हातानं खाता येणारं काहीतरी, नवे प्रयोग नकोत. शेंगाची चटणी घरी चाटत असेल तर दह्यात कालवून, तिखट कमी करून द्या. अख्खे शेंगदाणे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत डब्यात नकोतच. रडता रडता श्वासनलिकेत अडकतात.

मावशीशी काय ठरवायचं

लेकरू आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय, हे आधीच ठरलेलं हवं. रडणाऱ्याला आधी जवळ घ्यायचं, मग काम द्यायचं, क्रम उलटा नाही. काम म्हणजे खरंखुरं : तांब्यानं कुंडीत पाणी घालणं, वाट्या एकात एक रचणं, पोळीचा तुकडा चिमणीला टाकणं. पाण्याशी खेळ हा उन्हाळ्यातला रामबाण, बादलीत दोन इंच पाणी आणि एक प्लास्टिकचा पेला. मावशी शेजारी बसून, कारण एवढ्याशा पाण्यातही लहान लेकरू बुडू शकतं.

तुमच्याकडून फोन एकच, सोडल्यावर वीस मिनिटांनी : “थांबलं का?” बहुतेक लेकरं तेवढ्यात थांबलेली असतात. व्हॉट्सॲपवर एक फोटो मागा, व्हिडिओ कॉल नको. पडद्यावर आई दिसते आणि जवळ घेता येत नाही, हे त्याला नव्यानं तोडल्यासारखं होतं. कॅमेऱ्याची लिंक देणारी पाळणाघरंही आहेत. ऑफिसात दिवसभर ती उघडून बसण्यानं तुमचंच काम होत नाही, लेकराला त्याचा काही उपयोग नाही.

वहीत रोज चारच नोंदी : किती मिनिटं रडलं, काय खाल्लं, किती झोपलं, कशाशी खेळलं. दोन आठवड्यांच्या नोंदी एकाखाली एक बघा. २५ मिनिटं, २०, २२, १२, १८, ८ असा उतार दिसला की समजा गाडी रुळावर आहे. मधले चढ असतातच.

बिघडतं ते इथं

पहिला आठवडा छान, दुसऱ्यात अचानक रडारड : पहिल्या आठवड्यात नवलाई होती, आता कळलं की हे रोजचंच. काहीही बदलू नका, तोच क्रम चालू ठेवा. आजारपणानंतर, दिवाळीनंतर, आजोळाहून आल्यावर पुन्हा चिकटतं. तेव्हा दोन दिवस अर्धी वेळ ठेवा, सहसा आठवड्याच्या आत पूर्वपदावर येतं. मावशी सोडून गेली तर मात्र नवं पाळणाघर समजून पहिल्या तीन दिवसांचं बसणं पुन्हा करा. लेकराच्या लेखी पाळणाघर म्हणजे ती बाईच होती.

संध्याकाळी न्यायला गेल्यावर तुम्हाला बघूनच रडायला लागतं, फटके मारतं, नाहीतर तोंड फिरवतं. बघणाऱ्याला वाटतं दिवसभर हाल झाले. खरं तर दिवसभर धरून ठेवलेलं हक्काच्या माणसासमोर सुटलं. लगेच गाडीवर बसवू नका. तिथंच पायरीवर दहा मिनिटं मांडीवर, एखादं केळं, आणि “बघ, उठलास आणि मम्मी आली” हे सकाळचं वाक्य पुरं करणं. घरी गेल्यावर अर्धा तास स्वयंपाक थांबू दे. रात्री दोनदा उठणं, सुटलेली शू पुन्हा गादीत होणं, हे पहिल्या काही आठवड्यांत दिसतं. त्यावर ओरडू नका.

सांगितलेली वेळ चुकवणं ही सगळ्यात महागडी चूक. उशीर होणारच असेल तर मावशीला फोन करा आणि तिनं लेकराला क्रमात सांगू दे : “आधी दूध, मग चेंडू, मग मम्मी.”

डॉक्टरांना कधी दाखवायचं

महिना उलटला तरी दिवसातला बराच वेळ रडणं, पाळणाघरात खाणं-पिणं बंद, वजन उतरणं, येत असलेले शब्द बंद होणं, यांपैकी काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना ती वही बरोबर न्या. ताप, जुलाब, कान ओढणं असेल तर हे वेगळं होण्याचं रडणं नाही, त्या दिवशी सोडूच नका.

रुळलेलं लेकरू अचानक एकाच माणसाला बघून आखडलं, कपडे काढू देईना, अंगावर न सांगता येणारे वळ दिसले, तर “सवय होईल” म्हणून थांबायचं नाही. त्याच दिवशी लेकरू तिथून काढा, डॉक्टरांना दाखवा आणि १०९८ या बालकांच्या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

असं काहीच नाही, जागा बरी, मावशी बरी, वहीतला उतारही आहे, फक्त दारात अजून दोन मिनिटं ओठ थरथरतात? मग पाळणाघर बदलू नका. बदललं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून, कोपऱ्यात बसून.